मूल सुरक्षित क्षेत्रात आहे

३ सप्टेंबर, मंगळवार

ठमीला फोन द्यावाच लागला. नवी शाळा लांब, मधे बस बदलायची, आणि मी कामावरून येईपर्यंत ती घरी एकटीच. बाईसाहेबांनी फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग इतक्या गोड आवाजात "थँक्यू आई" म्हणाल्या की मला शंकाच आली.

लॅबमध्ये सगळ्यांचं म्हणणं एकच: नजर ठेवणारं अ‍ॅप टाकल्याशिवाय मुलीच्या हातात फोन देऊ नकोस. आम्ही दातांच्या कवळ्या बनवतो. मी मेणात दात बसवते, शेवटचा हात पॉलिशवाल्या बाई फिरवतात. त्यांनी आपल्या भाचीचं कायकाय सांगितलं. ते ऐकता ऐकता मी डावा सुळा उजवीकडे बसवला. पुन्हा मेण तापवा, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

५ सप्टेंबर, गुरुवार

जेवायच्या सुट्टीत अ‍ॅप बघत बसले. डोकं भणाणलं. एक अ‍ॅप मुलीचे सगळे मेसेज आपल्याला दाखवतं. दुसरं दर थोड्या वेळाने तिच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवतं. तिसरं फक्त ती कुठे आहे ते सांगतं, मुलांना अयोग्य पानं अडवतं आणि रात्री फोन बंद करतं. चौथं म्हणतं, आम्ही तुमच्या मुलाचा मूड ओळखतो. माझा मूड मला ओळखता येत नाही, ते काय ओळखणार.

खाली लोकांनी अभिप्राय लिहिलेत. एक आई लिहिते, या अ‍ॅपमुळे माझा जीव वाचला. तिच्या खाली दुसरी: मुलीने माझ्याशी बोलणंच टाकलं. तारे दोघींनीही पाचच दिलेत.

८ सप्टेंबर, रविवार

बाबांकडे गेलो होतो. बुधवारी मी एकटी, रविवारी ठमीला घेऊन, हे आई गेल्यापासून ठरलेलं आहे. आमच्याकडे राहायला या म्हटलं तर बाबा म्हणतात, तुमचे जिने मला झेपत नाहीत. ते खरंच आहे. आणि आमच्या दोन खोल्यांत ठमीचा अभ्यास कुठे आणि बाबांची खाट कुठे, हा प्रश्न मीही फार वेळ विचारात घेत नाही.

अ‍ॅपच्या जाहिरातीतला नमुन्याचा संदेश त्यांना दाखवला. बाबांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. ते आधी मजकूर वाचत नाहीत, चुका वाचतात. चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांशी धरून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'तुमचे मूल सुरक्षित क्षेत्र सोडले आहे.' हे कुणी लिहिलं? मुलाने क्षेत्र सोडलं, की क्षेत्राने मुलाला सोडलं?"

"मशीन लिहितं बाबा."

"मशीनला 'ने' लावायला काय होतं?" मग म्हणाले, "आणि हा असा संदेश आला, की तू काय करणार?"

"लगेच फोन करणार तिला."

"कामात असलीस तरी?"

"तरी. त्यासाठीच तर आहे ते."

"बरं आहे," म्हणाले आणि फोन परत दिला.

१० सप्टेंबर, मंगळवार

तिसरं अ‍ॅप घेतलं, फक्त ठिकाण सांगणारं. ठमीला समोर बसवून समजावलं.

"म्हणजे तू माझे मेसेज वाचणार?"

"नाही. फक्त कुठे आहेस तेवढं कळणार."

"मग मला विचार ना. मी सांगेन."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर अ‍ॅपलाही नाही सांगणार. फोन शाळेत कपाटात ठेवून जाईन."

बारा वर्षांची आहे. हे कुठून शिकते कोण जाणे. बापाच्या वळणावर गेली म्हणावं तर त्याने दुसरा संसार थाटला तेव्हा ही रांगत होती. शेवटी टाकू दिलं. अंगठ्याने स्क्रीनवर वर्तुळ काढायचं असतं, घर आणि शाळा मिळून. मी काढलं. बोट घसरलं आणि ते बटाट्यासारखं झालं, पण चालतं म्हणे.

पॅक कुटुंबाचं आहे, आणखी फोन जोडता येतात. एवढं मोठं कुटुंब आहे कुठे आमचं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ठमीचा ठिपका शाळेत जातो आणि घरी येतो. बाकी काही नाही. मी मात्र दिवसभर बघत असते. मेण गार होईपर्यंत एकदा, प्लास्टर घट्ट होईपर्यंत एकदा. मालक म्हणाले, "बाई, फोनमध्ये दात बसवताय का?" हसून घेतलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज जीव टांगणीला लागला होता. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. बसचा ड्रायव्हर. तुमचे वडील शेवटच्या थांब्यावर उतरलेत आणि कुठे आलो ते त्यांना उमगत नाहीये. अर्धी रजा टाकून धावले. बाबा डेपोच्या बाकावर बसून चहा पीत होते.

"डोळा लागला गं. उतरायचा थांबा गेला."

"जात कुठे होतात?"

"कुठे नाही. बसमध्ये माणसं असतात."

दादाला फोन केला. तो परदेशात, तिथे पहाट. जांभई देत म्हणाला, "हे सुरुवातीचं लक्षण असतं. काहीतरी व्यवस्था करायला हवी." करायला हवी म्हणजे तू कर. माझा संताप झाला, पण तो बाहेर काढायचं त्राण नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार

बाबांच्या फोनवर ते अ‍ॅप टाकलं. मला वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. उलट खुर्ची ओढून शेजारी बसले.

गंमत म्हणजे जन्माचं साल विचारतात तिथे बाबांचं सालच नाही. यादी फार जुन्या सालापर्यंत जात नाही. मुलांसाठीचं ना ते. शेवटी ठमीचंच साल टाकलं. बाबा म्हणाले, "चला, गणिताची भीती पुन्हा आली."

वर्तुळ छोटं ठेवलं. घर, वाण्याचं दुकान, बाग, वाचनालय. बाबांनी ठमीला विचारलं, "यात मी कुठवर गेलो तर चालतं?" ठमीने नकाशा मोठा करून रेघ दाखवली. "हे बंद दुकान आहे ना आजोबा, पायऱ्यांचं, त्याच्या पुढे गेलात की आईला मेसेज जाणार." बाबांनी दोनदा विचारून घेतलं. बरं वाटलं. समजून घेतायत म्हणजे तेवढा धोका कमी.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बाबांकडे जायचं होतं, पण पाठ भरून आली होती. फोन उघडला. ठिपका घरात. आठच्या सुमाराला अ‍ॅपने कळवलं, "मूल सुरक्षित क्षेत्रात आहे." मी बूट काढून तशीच आडवी झाले. किती महिन्यांनी अशी शांत पडले. मनात अपराधी वाटेना म्हणून जरा अपराधी वाटलं.

२० ऑक्टोबर, रविवार

लॅबमध्ये रविवारीही बोलावलं. एका दवाखान्याची मोठी ऑर्डर आहे, सगळ्यांना दात एकदमच हवेत. ठमी म्हणाली, "मी एकटी जाते आजोबांकडे." एकटीला इतक्या लांब कशाला, म्हणून नको म्हटलं. ठिपका आहेच की डोळ्यांसमोर. पूर्वी आठवड्यातून दोनदा बाबा दिसायचे, आता तासातासाला दिसतात.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांनी आज पहिल्यांदा रेघ ओलांडली. मी डबा उघडला होता, तेवढ्यात फोन थरथरला. "तुमचे मूल सुरक्षित क्षेत्र सोडले आहे." घास तसाच ठेवून फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"बाबा, कुठे आहात?"

"अगं जरा पाय मोकळे करायला आलो. पायऱ्यांच्या दुकानापाशी."

"मागे फिरा बरं."

"फिरतो फिरतो. जेवलीस का? ठमीची चाचणी कशी गेली?"

घरी पोचेपर्यंत फोनवर ठेवलं त्यांना. लॅबची ऑर्डर, ठमीचं भूगोलाचं पुस्तक, नळाचा वॉशर, काहीबाही बोलत राहिलो. कुलूप उघडल्याचा आवाज आला तेव्हा ठेवला. अ‍ॅपने लगेच सांगितलं, मूल परतले आहे. खरंच उपयोगाची वस्तू आहे ही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काल आणि आज, दोन्ही दिवस. तेच पायऱ्यांचं दुकान, माझ्या जेवायच्या सुट्टीची वेळ. विसरतात बहुतेक, आदल्या दिवशी सांगितलेलं. पण रस्ता अगदी तोच कसा काय लक्षात राहतो?

४ नोव्हेंबर, सोमवार

आता जवळजवळ रोजचं झालंय. आज मी आवाज चढवला. "बाबा, तुम्हाला किती वेळा सांगायचं?"

"चुकलंच," म्हणाले. "तू रागावू नकोस. आज काय बनवलंस?"

"मी रागावत नाहीये, मला काळजी वाटते."

"ते कळतं गं."

आणखी एक. त्यांची कवळी मीच बनवलेली आहे. घरी एकटे असताना ते ती काढून ठेवतात, बोलणं पुटपुटल्यासारखं होतं. या फोनवर मात्र शब्द अगदी खणखणीत. भरकटणारा माणूस आठवणीने कवळी लावून भरकटतो. पॉलिशवाल्या बाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दादाने दोन वृद्धाश्रमांची माहिती पाठवलीय. हिरवळीचे फोटो आहेत. एकाही फोटोत कुणी म्हातारं नाही.

मी दुसरं, कडक अ‍ॅप शोधतेय. एकात आजूबाजूचे आवाज ऐकता येतात. एकात रेघ ओलांडली की मोठा भोंगा वाजतो. बाबांच्या खिशात भोंगा वाजतोय असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मिटवून टाकलं ते पान. शिवाय आत्ताच्याच अ‍ॅपने त्यांचं फोनवरचं वर्तमानपत्र बंद केलंय. खुनाची बातमी होती, मुलांसाठी अयोग्य. उघडून द्यायचं राहून जातंय.

१० नोव्हेंबर, रविवार

ठमीला म्हटलं, आजोबांचं काही खरं नाही. ती नखं कुरतडत म्हणाली, "वर्तुळ मोठं करून बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे मग तिथपर्यंत गेले तर मेसेज येणार नाही ना तुला."

बरोबर आहे पोरीचं. मीच वर्तुळ फार आवळून ठेवलं होतं. मोठं केलं, मोठ्या रस्त्यापलीकडच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत. एवढं लांब काही ते जाणार नाहीत. बाबांना फोनवर सांगून टाकलं, आता मोकळे फिरा. ठमीनेही नंतर फोन मागून घेतला आणि गॅलरीत जाऊन त्यांच्याशी बोलत बसली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस शांततेत गेले. आज सुट्टीत संदेश. पंक्चरच्या दुकानाच्या जरा पुढे. म्हणजे तो मोठा रस्ता ओलांडून गेले, तो ट्रकांचा रस्ता. मी वर्तुळ वाढवलं तर बाबाही वाढले. लगेच फोन लावला. फोनवर त्यांना धाप लागलेली, पण आवाज खूश. "आज लांबवर आलो बघ," म्हणाले.

दादाला कळवलं, तू म्हणतोस ते बरोबर आहे. डॉक्टरांची वेळ घेतली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मालकांनी सगळ्यांचे फोन कपाटात ठेवायला लावले. ऑर्डर उद्या जायची आहे, आज कुणी मान वर करायची नाही. मी दोनदा मागितला. दिला नाही. जेवायची सुट्टीही झाली नाही, उभ्याने बिस्किटं खाल्ली.

संध्याकाळी कपाट उघडलं तर फोन वाजतच होता. बाबांचं नाव. उचलला तर दुसराच आवाज. "तुम्ही यांच्या मुलगी का? मी पंक्चरवाला बोलतोय. आजोबांना उठता येत नाहीये. पाय आखडलेत. आणि थंडी भरलीय."

२० नोव्हेंबर, बुधवार

रजा. बाबा झोपलेत, ताप आहे. डॉक्टर येऊन गेले, छाती ठीक आहे म्हणाले. कालचं लिहून ठेवते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

मी पोचले तेव्हा ते दुकानापलीकडच्या टायरांच्या ढिगाशेजारी लाकडी खोक्यावर बसले होते. अंगावर पंक्चरवाल्याचं ग्रीस लागलेलं जाकीट. मला बघून म्हणाले, "कशाला आलीस एवढ्या लांब?" ओठ निळे पडलेले, पण कवळी जागेवर.

पंक्चरवाला तरुण माणूस आहे. टॅक्सी येईपर्यंत त्याने मला बाजूला घेतलं.

"दुपारपासून बसलेत. मी दोनदा म्हटलं, सोडून येतो. तर म्हणाले, फोन यायचाय."

"कुणाचा?"

"तुमचाच असणार. गेला आठवडाभर येतायत की. या खोक्यावर बसतात, फोन गुडघ्यावर ठेवतात. वाजला की बोलतात आणि बोलत बोलत घरी जातात. आज वाजलाच नाही. मी म्हटलं, आजोबा, तुम्हीच लावा की. तर म्हणाले, नको, ती कामात असते."

मी त्याचे आभार मानले. जाकीट परत द्यायला विसरले. टॅक्सीत बाबांचा हात माझ्या हातात होता, लहान मुलाच्या हातासारखा नव्हे, चांगला जड, हाडांचा हात. किती दिवसांनी धरला ते आठवेना.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांकडेच राहिलोय दोघी. ठमीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"रेघ कुठे आहे ते मीच दाखवायचे. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू ठिपका बघत होतीस." मग तिला रडू फुटलं. "मला वाटलं मोठं वर्तुळ केलं की तू मेसेजची वाट नाही बघणार, तूच फोन करशील. मग आजोबा म्हणाले, आता कुठपर्यंत जायचं गं? तो रस्ता एवढा मोठा आहे ते मला नकाशात कळलं नाही, आई."

तिला जवळ घेतलं.

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, फोनची वाट बघत दिवसभर रस्त्यात बसणं हेही लक्षणच आहे, तपासणी करून घे. मीही हो म्हटलं. मला तपासणी हवीच होती.

१ डिसेंबर, रविवार

तपासणी झाली शुक्रवारी. बाबांना तारीख विचारली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. सगळं नीट. वर प्रश्नांच्या कागदावरची 'स्मृती' पहिल्या वेलांटीची आहे, ती दुरुस्त करून दिली. डॉक्टर हसल्या. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "वयाच्या मानाने उत्तम. एकटे असतात का?"

"मी लक्ष ठेवून असते," म्हटलं.

कुणाला सांगता येणार नाही असं एक इथे लिहिते. निकाल चांगला आला तेव्हा माझा चेहरा पडला. आजार निघाला असता तर गोळ्या आणल्या असत्या, बाई ठेवली असती, दादावर खर्च टाकला असता. पडेल ते केलं असतं. आता जे करायचं आहे त्याला कुठलं अ‍ॅप नाही, आणि मी फार दमलेली आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

बाबांच्या फोनवरून ते काढलं. काढताना विचारतात, "तुम्हाला खात्री आहे? तुमचे मूल असुरक्षित होईल." ठमीच्या फोनवर ठेवलंय अजून. तिने स्वतःच ठेव म्हटलं, बस चुकली तर बरं असतं म्हणाली. खरं खोटं तिलाच माहीत.

मालकांशी बोलले. बुधवार-गुरुवारपैकी एक दिवस लवकर सोडा, बदल्यात सकाळी लवकर येते. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पॉलिशवाल्या बाई मधे पडल्या. "द्या हो तिला, दात काही पळून जात नाहीत."

५ डिसेंबर, गुरुवार

आज ठरवून गेले नव्हते. बस समोर आली, चढले. बसमध्ये सारखा फोन हातात घ्यायची सवय जाईना. उघडला तर फक्त ठमीचा ठिपका, शाळेत.

बेल वाजवली. आतून पावलांचा आवाज यायला वेळ लागला. दार उघडलं ते किलकिलंच. कवळी नव्हती, गाल आत गेलेले. मला बघितलं आणि बाबांचा चेहरा उतरला.

"काय झालं? ठमी बरी आहे ना?"

"बरी आहे. शाळेत आहे."

"मग दादाचं काही?"

"नाही. कुणाचं काही नाही."

"मग अशी कशी आलीस मधेच?"

"अशीच आले."

ते दार धरून तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघत होते, हातातल्या फोनकडे बघत होते, पुन्हा माझ्याकडे. मग तोंडावर हात धरून लगबगीने आत गेले. पेल्यात पाणी हलल्याचा आवाज आला. बाहेर आले ते कवळी लावून, केसांवर ओला हात फिरवून.

"लगेच निघायचंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे बसणार आहेस?"

"हो बाबा."

"मग खांद्यावरची ती पिशवी तरी खाली ठेव की," म्हणाले, आणि हात पुढे करून त्यांनीच ती काढून घेतली.